नॉलेज मॅनेजमेंट: छोट्या कारखान्यात सुरुवात कुठून करायची

साहेबांनी मीटिंगमध्ये "यापुढे नॉलेज मॅनेजमेंट तू बघ" असं म्हणून तुमच्याकडे बोट केलं असेल, तुम्ही मान डोलावून बाहेर आला असाल आणि आता नक्की करायचं काय हा प्रश्न पडला असेल, तर आधी चहा घ्या. मी पण असाच अडकलो होतो. भोसरी एमआयडीसीत आमचं टर्निंग-ग्राइंडिंगचं शॉप, माणसं साठ-पासष्ट, मी क्वालिटीला. आयटीवाल्यांनी वाचलं तरी चालेल, पण उदाहरणं तेलकट हातांचीच असणार.

माझ्याकडे हे काम आलं ऑडिटमुळे. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा त्यात ७.१.६ नावाचा एक छोटासा क्लॉज आला, संस्थेकडचं ज्ञान. काम चालवायला काय काय माहिती असावी लागते ते ठरवा, ते सांभाळा, ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा, एवढंच म्हणणं आहे. बऱ्याच ठिकाणी या क्लॉजची एक फाइल बनते, ऑडिटरला दाखवायची आणि परत कपाटात. आम्हीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू. ऑडिट पास झालं, पेढे वाटले.

मग एक बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा पार्ट, आडवा आला. पातळ भिंतीचा, बोअर म्हणजे आतलं भोक फिनिश करून चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढला की अंडाकृती व्हायला लागला, म्हणजे ओव्हॅलिटी. हा पार्ट कित्येक वर्षं एकच सेटर (मशीनवर काम लावून देणारे) काका लावायचे आणि कधीच त्रास नव्हता, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की पार्टच सोपा आहे. काका रिटायर झाले, शाल-नारळ झालं, आणि पुढच्याच लॉटला निम्मा माल रिजेक्ट. सेटअप शीट तीच, प्रोग्राम तोच, कापायचं इन्सर्ट तेच. आठवडाभर आम्ही स्पिंडल तपासला, मटेरियलचे रिपोर्ट काढले, बार सप्लायरला शिव्या घातल्या. शेवटी काकांना फोन लावला तर ते म्हणाले, "अरे फिनिशच्या आधी चकचं प्रेशर उतरवत नाही का तुम्ही?" शीटवर प्रेशरचा एकच आकडा होता, रफिंगचा, म्हणजे सुरुवातीच्या जाड कटाचा. पातळ बुश जोरात आवळला की तो चकच्या जबड्यांत दबलेला असतानाच गोल कापला जातो आणि सुटला की उसळून वाकडा होतो, म्हणून काका फिनिशआधी मशीन थांबवायचे, प्रेशर कमी करायचे, मग शेवटचा पास. काकांनी लपवलं होतं का? अजिबात नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांच्या दृष्टीने ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, कोणालाही कळेल अशी होती.

नॉलेज मॅनेजमेंट म्हणजे या बुशाची काळजी घेणं, बाकीचं सगळं नंतर.

थोडी थिअरी, दोन मिनिटांत. मायकेल पोलानी नावाच्या विचारवंताने १९६६ साली मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा त्याला जास्त येत असतं. कागदावर उतरलेलं ज्ञान वेगळं आणि हातात बसलेलं वेगळं. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकाने पुढे दाखवलं की कंपनीत नवीन काही जन्माला येतं ते या दोघांची अदलाबदल होताना. त्यांचं गाजलेलं उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनचं. पीठ काही केल्या नीट मळलं जाईना, पाव बाहेरून करपायचा, आतून कच्चा, मशीनने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे सुद्धा काढले, काही उपयोग नाही. मग इकुको तनाका ही सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं ओढत नाही, ओढताना पीळ देतो. मग मशीनच्या भांड्यात आतून खास कडा बसवल्या, आणि १९८७ ला मशीन बाजारात आलं. एक्स-रेमध्ये जे दिसलं नाही ते शेजारी उभं राहून दिसलं. झाली थिअरी.

पायरी १: कुठे दुखतंय ते बघा

सगळं ज्ञान गोळा करायला निघू नका, वेडे व्हाल. मागच्या बारा महिन्यांचं रिजेक्शन आणि कस्टमर कम्प्लेंटचं रजिस्टर घ्या आणि एकच काम करा, तोच दोष दुसऱ्यांदा आलाय तिथे पेनाने गोल करा. पहिल्यांदा चूक झाली ती नशिबाची, दुसऱ्यांदा तीच झाली म्हणजे पहिल्या वेळी जे शिकलो ते कुठेतरी सांडलं. आमच्याकडे गोल करायला घेतले तेव्हा मला लाजच वाटली.

दुसरं, प्रत्येक सेक्शनच्या सुपरवायझरला विचारा, उद्या कोण आला नाही तर तुझी झोप उडेल? नावं पटापट येतात. त्यात मेंटेनन्सचा एखादा माणूस असतोच, आणि हमखास एक स्टोअरमधला असतो ज्याच्याकडे आपलं कधी लक्षच जात नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली नावं सगळ्यात वर. पाच नावं आणि पाच दुखणी, पहिल्या वर्षाला एवढं भरपूर.

पायरी २: माणसाशी बोला, पण केबिनमध्ये नको

इथे बहुतेक जण चुकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. अनुभवी माणसाला एसी केबिनमध्ये बसवून "तुमचं ज्ञान शेअर करा" म्हटलं की तो शीटवर जे लिहिलंय तेच म्हणून दाखवतो, कारण त्याला वाटतं तुम्हाला तेच हवंय. त्याच्या मशीनवर जा. आणि विचारणारा इंजिनिअर नको, आयटीआयचा नवा पोरगा पाठवा, त्याला खरंच येत नसतं त्यामुळे तो खरे प्रश्न विचारतो आणि काकांनाही त्याच्यासमोर इज्जत जायची भीती नसते.

"हे कसं करता" असं विचारू नका. विचारा, "बिघडायला लागलंय हे तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून कळतं?" मग बघा काय काय निघतं. आवाज बदलतो. चिप्सचा रंग निळसर होतो. सकाळी पहिले चार-पाच पीस मी मोजतच नाही, मशीन गरम व्हायचं असतं. हे कुठल्याच शीटवर नसतं. दुसरा चांगला प्रश्न म्हणजे "शेवटचं कधी फसलं होतं ते सांगा", माणूस नियम सांगताना अडखळतो पण किस्सा सांगताना सुटतो. मोबाइलवर शूट करा, दोन-तीन मिनिटांचे तुकडे, हात दिसले पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालतं.

एवढं करूनही सगळं निघणार नाही, कारण काही गोष्टी करणाऱ्यालाही माहीत नसतात. याचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेच्या अण्वस्त्र खात्याचं आहे. फॉगबँक नावाचा एक गुप्त पदार्थ, डब्ल्यू ७६ या अण्वस्त्रात लागायचा, टेनेसी राज्यातल्या ओक रिजला बनायचा, १९८९ नंतर बनणं बंद झालं. २००० साली जुनी अस्त्रं दुरुस्त करायची ठरली तेव्हा कळलं की नोंदी तोकड्या आहेत आणि माहितगार माणसं जवळजवळ सगळी निवृत्त झालीत किंवा सोडून गेलीत. नवा प्लांट उभा केला, कोट्यवधी डॉलर आणि कित्येक वर्षं गेली तरी माल जुन्यासारखा होईना. शेवटी उलगडा काय झाला, तर जुन्या पद्धतीत कच्च्या मालात एक अशुद्धी राहून जायची आणि तीच कामाची होती, नवीन लोकांनी माल जास्त स्वच्छ करून ती काढून टाकली होती! जुन्या लोकांनाही याचा पत्ता नव्हता. तेव्हा जो माणूस अजून कामावर आहे त्याच्यासोबत नव्याला निदान दोन-तीन महिने उभं करा, नुसत्या मुलाखतीवर भागवू नका. एचआर म्हणेल दोन पगार कशाला. त्यांना रिजेक्ट झालेल्या लॉटचं बिल दाखवा.

पायरी ३: लिहा, पण जिथे हात जातो तिथे ठेवा

एका विषयाला एक कार्ड, ए फाइव्ह साइज, लॅमिनेट करून मशीनलाच लटकवायचं. वर दोष काय, मग कशावरून ओळखायचं, मग काय करायचं, का करायचं, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. "का" ची ओळ गाळू नका. नुसतं "फिनिशआधी प्रेशर कमी करा" लिहिलं की सहा महिन्यांत कोणीतरी सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) वाचवायला ती स्टेप उडवतो. पातळ भिंत उसळते हे लिहिलेलं असलं की उडवायच्या आधी तो निदान दोनदा विचार करतो.

नावाचं महत्त्व मला झेरॉक्स कंपनीच्या गोष्टीवरून पटलं. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकात त्यांच्या कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांबरोबर फिरला आणि त्याला दिसलं की मॅन्युअल राहतं बाजूला, ही पोरं खरी शिकतात ती नाश्त्याला-जेवायला एकत्र बसून किस्से सांगताना. त्यातून पुढे युरेका नावाची सिस्टिम उभी राहिली. टेक्निशियनने सापडलेली युक्ती लिहायची, जाणकार सहकाऱ्यांनी तपासायची, पास झाली की सांगणाऱ्याच्या नावानिशी सगळ्यांना खुली. ब्राझीलमधला एक इंजिनिअर कस्टमरचं चाळीस हजार डॉलरचं मशीन बदलून द्यायच्या बेतात होता, त्याला युरेकात कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या टेक्निशियनने टाकलेली टिप सापडली, दोष निघाला एका फ्यूज होल्डरमध्ये ज्याची किंमत डॉलरभरही नव्हती. नॉलेज मॅनेजमेंटमुळे परफॉर्मन्स कसा सुधारतो असं कोणी विचारलं तर हे सांगा.

सॉफ्टवेअर? पहिल्या वर्षी नको. कार्डांचे फोटो आणि व्हिडिओ एका शेअर्ड ड्राइव्हवर, फाइलला पार्ट नंबर आणि दोषाचं नाव द्या, बास. आणि कृपा करून व्हॉट्सअॅप ग्रुपला नॉलेज बेस म्हणू नका, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं, गेल्या दिवाळीत टाकलेला फोटो आज शोधून दाखवा बरं.

पायरी ४: बोलायची वेळ ठरवा

अमेरिकन आर्मीत सरावानंतर एक बैठक होते, आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू म्हणतात. चारच प्रश्न: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं, दोष कोणाच्या माथी मारायचा नाही. आम्ही हे शिफ्ट चेंजला दहा मिनिटांत करतो, उभ्यानेच, दोन्ही शिफ्टचे सेटर समोरासमोर. आधी हँडओव्हर म्हणजे लॉगबुकात "मशीन ओके" लिहून दुसऱ्या शिफ्टचा माणूस यायच्या आत बसस्टॉप गाठणं. पहिले दोन आठवडे कोणी तोंड उघडलं नाही. मग एका रात्री टूल आपटलं त्या पोराने स्वतःहून सांगितलं आणि मॅनेजर त्याच्यावर ओरडला नाही, त्या दिवसापासून गाडी चालू झाली. ओरडला असता तर ही पायरी तिथेच संपली असती.

पायरी ५: बक्षिसाची घाई नको

नवीन माणसाला पहिली आयडिया हीच सुचते, प्रत्येक कार्डाला शंभर रुपये. थांबा. इन्फोसिसने २००१ च्या सुमारास नॉलेज करन्सी युनिट नावाचे पॉइंट सुरू केले होते, लेख टाका, पॉइंट मिळवा, पॉइंटवर भेटवस्तू घ्या. लेखांचा पूर आला, तपासणाऱ्यांची दमछाक झाली, दर्जाबद्दल शंका यायला लागल्या आणि शेवटी स्कीम बदलावी लागली. एवढ्या हुशार लोकांचं असं झालं तर आपण कोण.

पैशापेक्षा मोठा प्रश्न भीतीचा आहे आणि त्याबद्दल मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये चकार शब्द नसतो. ऑपरेटरला वाटतं, माझ्याकडचं सगळं काढून घेतलं की कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा लावतील आणि मला घरी बसवतील. ही भीती वेडेपणाची नाही, काही ठिकाणी तसं होतं सुद्धा. मालकाने सगळ्यांसमोर शब्द दिला पाहिजे आणि पाळला पाहिजे, नाहीतर तुम्ही कितीही कार्डं छापा, त्यावर खरं काही येणार नाही. आमच्या मालकांनी बुशाच्या प्रकरणानंतर काकांना आठवड्यातून एक दिवस मानधनावर परत बोलावलं. बाकीच्या सीनिअर लोकांना त्यातून जो मेसेज गेला तो माझ्या दहा मीटिंगांतून गेला नसता.

पायरी ६: मोजायचं काय

किती कार्डं झाली, किती व्हिडिओ झाले हे मोजू नका. दुसऱ्यांदा आलेले दोष मोजा, नवा ऑपरेटर एकटा मशीन सांभाळायला किती दिवस घेतो ते मोजा, सेटअपनंतर पहिलाच पीस ओके येण्याचं प्रमाण मोजा. परफॉर्मन्सवर परिणाम असा आतून होतो, थेट बॅलन्स शीटमध्ये शोधाल तर डॉलरचा भाव, स्टीलचा भाव, ऑर्डर बुक यात तो दिसणारच नाही.

आणि ज्ञान जास्त म्हणजे फायदाच जास्त असं पण नाहीये. मार्टीन हास आणि मॉर्टेन हॅन्सन या अभ्यासकांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासात एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीच्या, नवं काम मिळवायला बोली लावणाऱ्या टीम तपासल्या, तेव्हा अनुभवी टीमनी कंपनीच्या डेटाबेसमधली डॉक्युमेंट जास्त वापरली तर काम मिळण्याची शक्यता उलट घटत होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला येतं त्याला रेडिमेड कागदांत शोधायला लावलं की त्याचा वेळ जातो आणि उत्तरही कालचंच निघतं. म्हणून जुन्या सेटरला चेकलिस्टची सक्ती करू नका, कार्डं नव्यांसाठी आहेत.

पायरी ७: इनोव्हेशनचं काय

साहेब हे विचारणारच. सजेशन बॉक्स लावून इनोव्हेशन येत नाही, आमच्या बॉक्समध्ये वर्षभरात दोन गुटख्याच्या पुड्या आणि कॅन्टीनच्या आमटीबद्दल एक तक्रार निघाली होती. कोहेन आणि लेव्हिन्थल या अभ्यासकांचा १९९० चा एक गाजलेला मुद्दा आहे, की बाहेरून आलेली नवी गोष्ट पकडायला आत आधीच त्याबद्दल काहीतरी समजलेलं असावं लागतं. पटायला सोपं आहे. टूल कंपनीचा सेल्समन दर महिन्याला येतो, कॅटलॉग देतो, आपण चहा पाजून पाठवतो, कारण आपल्याला आपलंच दुखणं नीट माहीत नसतं तर त्याच्याकडच्या औषधाचं करणार काय.

आमच्याकडे असं झालं. काकांचं कार्ड मशीनला लागलं, त्यावर "का" ची ओळ होती की तीन जबडे तीन ठिकाणी दाबतात म्हणून बुश दबतो. अप्रेंटिस पोरीने ते रोज वाचलं आणि एक दिवस विचारलं, मग सगळीकडून सारखं दाबलं तर? सेटर हसला. पण तिने चिकाटी सोडली नाही, पुढच्या वेळी टूलवाला आला तेव्हा त्याच्या कॅटलॉगमध्ये तिला रुंद सॉफ्ट जॉ, म्हणजे आपल्या मापाने कापून घेता येणारे मऊ जबडे, दिसले, जवळजवळ पूर्ण गोलाला मिठी मारणारे. कॅटलॉग आमच्याकडे आधीपासून होता, त्याच पानासकट. जॉ मागवले, आमच्याच मशीनवर बोअर केले, ट्रायल घेतली. ओव्हॅलिटी ड्रॉइंगवरच्या मर्यादेच्या आत आली आणि मधे मशीन थांबवून प्रेशर उतरवायची गरजच राहिली नाही, सायकल टाइम वाचला तो वेगळाच. बाकीच्या पातळ पार्टांवरही आता तेच चालू आहे. मी काकांचं जुनं कार्ड काढून त्यावर रद्दची तारीख टाकली, कार्ड रद्द करणं हे पण या कामातलंच एक काम आहे, सहा महिन्यांतून एकदा बसून कालबाह्य कार्डं उतरवायची, नाहीतर मशीन बारशाच्या पाळण्यासारखं सजतं आणि कोणी काही वाचत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होती, काका आले होते. झेंडूच्या माळेखालचे नवीन जॉ त्यांनी बोटाने चाचपले, पोरीचं कौतुक केलं, आणि मग विचारलं, "हे बोअर केले तेव्हा जॉ आवळलेले राहावेत म्हणून आत रिंग धरली होती ना? आणि प्रेशर किती होतं तेव्हा?" सेटरने पोरीकडे बघितलं, पोरीने माझ्याकडे. नव्या कार्डावर ते नव्हतं. प्रसाद खाली ठेवून ती पेन शोधायला गेली.